कोण नाही आलं?

आमच्या परळच्या चर्चमध्ये उपासना संपली की पाळकसाहेब घसा साफ करून सांगतात, आज इतके जण हजर होते. आकडा चांगला असला की आवाज चढतो. कमी असला की शाळेच्या सुट्ट्यांवर नाहीतर क्रिकेटवर ढकलतात. लोक माना डोलावतात आणि बाहेरच्या चहा-समोशाकडे वळतात. एस्तेर भालेरावनं हा आकडा कधी ऐकलाच नाही. शेवटच्या बाकावर बसून ती मान उंच करून एकेक डोकं न्याहाळत असायची, आणि आमेन झालं रे झालं की माझ्या कानाशी येऊन विचारायची, "मावशी, कोण नाही आलं?"

मी म्हणायची, "अगं, आलेत त्यांच्याकडे बघ की जरा."

"आलेले काय, दिसतायतच," ती म्हणायची. "जे नाही आले ते कोण बघणार?"

लालबागच्या आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून ती आणि तिची आई राहायची. वडील ती लहान असतानाच गेले. आई ब्लाऊज शिवायची. मी इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात जन्मभर नर्स होते, रिटायर झाले तरी सगळे अजून सिस्टरच म्हणतात. एस्तेर उंच, हाडकुळी, आणि आवाज असा की ती गॅलरीत कुजबुजली तरी खालच्या मसालेवाल्याला ऐकू जायचं. साडीवर स्पोर्ट्स शूज घालायची. चर्चमधल्या बायका नाकं मुरडायच्या. ती म्हणायची, "पायांना चालायचंय, साडीला नाही."

आणि चालायची खरंच. जो रविवारी आला नाही त्याच्या घरी संध्याकाळी हजर. मला ओढून न्यायची, कारण माझ्याकडे बीपीचं मशीन होतं. दारात गेल्यावर आधी प्रार्थना नाही, बायबल उघडणं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायची. "आधी चहा, मग प्रार्थना" हे तिचं ठरलेलं वाक्य. दारात उभं राहून एकदम डोळे मिटले की लोकांना वाटतं कोण तरी गेलं, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं. आमचे पाळकसाहेब घरी आले की मीच आधी विचारायची, कोण गेलं?

वडाळ्याचे साळवे काका महिनाभर चर्चला दिसले नाहीत. कुणाला पत्ताच नाही. एस्तेरनं मला धरून नेलं. काका पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, बाथरूममध्ये घसरले होते. सून ऑफिसला, नातू क्लासला. एस्तेर चहा टाकत होती तेव्हा काका मला म्हणाले, "सिस्टर, मला वाटलं, मी नसलो तर काही फरक पडत नसेल." मी प्लास्टर तपासायचं निमित्त करून खाली बघत राहिले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी वेदीपुढे उभं राहून सांगितलं, "आपली मंडळी आजाऱ्यांची किती काळजी घेते, हे साळवेंच्या उदाहरणावरून दिसतं." आपली मंडळी म्हणे! मी उठून बोलणार होते, पण एस्तेरनं माझ्या साडीचा पदर घट्ट धरून ठेवला आणि हसत बसली.

तिचं हसणं मला कधी कधी सहन व्हायचं नाही. राग यायला पाहिजे तिथं ही बाई हसायची. तिच्या वाटणीचा सगळा राग मलाच करावा लागायचा.

ढोलकी ती चाळीतच शिकली, खालच्या मजल्यावरच्या गावडेबुवांकडे. बुवा मालवणचे, गिरणीतले, शनिवारी त्यांचं भजन असायचं. ही पोर दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. एक दिवस बुवांनी ढोलकी तिच्यापुढे सरकवली. "अगो चेडवा, हात मोकळो सोड, ढोलकी काय तुका खातली?" नंतर तीच ढोलकी चर्चमध्ये आली आणि आमच्या कमिटीचे चेअरमन शिंदेसाहेब बेचैन झाले. चर्चमध्ये ऑर्गन आहे, तो कुणाला वाजवता येत नाही, पण आहे. ढोलकी म्हणजे काय तमाशा आहे? एस्तेर म्हणाली, "साहेब, ऑर्गन वाजवणारा मिळाला की मी लगेच थांबते." तो अजून मिळालेला नाही.

दहा वर्षांची असल्यापासून तिचं एकच, मला पाळक व्हायचंय. आमच्या चर्चमधून आजवर एकही बाई पाळक झालेली नव्हती. तिची आई रात्रंदिवस मशीन चालवून तिला शिकवत होती. बी.ए. झाल्यावर ती सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात गेली. तिथला नियम असा, की शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात कुठल्या तरी मंडळीत, म्हणजे एखाद्या चर्चच्या लोकांत, राहून सेवा करायची, आणि मग आपल्या घरच्या चर्चच्या कमिटीनं शिफारस केली तरच पाळकपदाची दीक्षा. शिफारस नाही, तर दीक्षा नाही. म्हणजे सगळं शिंदेसाहेबांच्या हातात.

नगरकडच्या चार खेड्यांतल्या लहान लहान मंडळ्या आमच्या परळच्या चर्चच्या पदराखाली आहेत. पदर कसला, आमचे पाळकसाहेब तीन-चार महिन्यांतून एकदा गाडी करून जातात, पाव आणि द्राक्षारस देऊन प्रभुभोजनाचा विधी करतात, हुरडा किंवा ज्वारी जे मिळेल ते डिकीत टाकून परत येतात. एस्तेरनं उन्हाळ्यासाठी तीच खेडी मागून घेतली. बाकीची मुलं महाबळेश्वर, पाचगणीकडची चर्चं मागत होती.

त्याच्या आदल्या वर्षी परळला नवीन गुबगुबीत खुर्च्या आल्या होत्या आणि आमचे जुने सागवानी बाक टेम्पोत घालून त्या खेड्यांना "दान" केले होते. प्रत्येक बाकावर पितळेची पट्टी ठोकली होती, देणाऱ्यांच्या नावांची. मे महिन्यात आमची कमिटी टेम्पो ट्रॅव्हलर करून एस्तेरचं काम बघायला गेली. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून मीही गेले. पोचलो तर चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, आत स्वच्छ सारवलेली जमीन आणि सतरंज्या. आमचे बाक बाहेर लिंबाखाली. त्यावर गावातली सगळी माणसं बसलेली, ख्रिस्ती, बिनख्रिस्ती, ज्या कुणाला सावली हवी होती ती. एका बाकावर म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव पडला होता. एकावर शेळी बांधली होती, शिंदेसाहेबांच्या वडिलांच्या नावाच्या पट्टीला.

शिंदेसाहेब लालबुंद झाले. "आमचं दान असं उन्हात?"

एस्तेर शांतपणे म्हणाली, "साहेब, बाक आत ठेवले की चर्च भरतं. पण बाकांनीच भरतं. निम्मे लोक बाहेर उभे राहायचे. माणसं आत घेतली, बाक बाहेर काढले."

मी मिनरल वॉटरची बाटली तोंडाला लावून हसू गिळलं. शिंदेसाहेब मात्र ते विसरले नाहीत. त्या माणसाच्या पोटात काही गेलं की ते तिथंच राहतं.

आता खरा प्रकार सांगते. इथपासून माझं डोकं फिरतं.

मेअखेरीच्या एका रविवारी पाळकसाहेब त्या खेड्यात प्रभुभोजन द्यायला येणार होते. नाताळानंतर तिथं ते झालंच नव्हतं. आमच्यात ते दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायचं असतं, शिकाऊ माणसाला तो अधिकार नाही. एस्तेरला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती पंधरा दिवस त्यांना फोन करत होती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची जुनी रीत अशी, की प्रभुभोजन घेईपर्यंत पोटात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आमच्या मुंबईत ही रीत कधीच सुटली, इथं लोक इडली खाऊन येतात. तिथं सुटलेली नाही. तालुक्याहून पाव आणलेला, त्याचे चौकोनी तुकडे करून पांढऱ्या कापडाखाली टेबलावर ठेवलेले. सरूबाई नावाची एक म्हातारी कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली, तिला मुलांनी बाजेवर घालून वस्तीवरून आणलं. तिनं आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं.

दहाची उपासना. अकरा झाले, बारा झाले. पत्रा तापला. साडेबाराला पाळकसाहेबांचा मेसेज आला, अपरिहार्य कारणानं येता येत नाही, पुढच्या महिन्यात बघू. अपरिहार्य कारण काय, ते मी सांगते, कारण मला त्याच संध्याकाळी कळलं. वरळीला एका बड्या सभासदाच्या नव्या फ्लॅटची प्रार्थना होती. अठ्ठाविसाव्या मजल्यावर. जेवण होतं. समुद्र दिसतो म्हणे तिथून.

दुपारी तो मेसेज आल्या आल्याच मला एस्तेरचा फोन आला. मी गॅलरीत मिरच्या वाळत घालत होते. तिचा तो मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला. "मावशी, एका आजींना चक्कर येतेय. घाम सुटलाय. काल रात्रीपासून उपाशी आहेत."

मी विचारलं, शुद्धीवर आहे का, गिळता येतंय का, शुगरचा आजार आहे का. मग म्हटलं, "डोकं वर उचलून बसव. चांगला गोड चहा दे. त्यात काहीतरी बुडवून भरव. आत्ताच्या आत्ता, वाट बघू नकोस." फोन बंद.

पुढचं तिनं मला परत आल्यावर सांगितलं, माझ्याच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. शेजारच्या घरातून चहाचं पातेलं आलं. खायला म्हणून चर्चमध्ये दुसरं काहीच नव्हतं, टेबलावरच्या त्या पावाशिवाय. तिनं कापड बाजूला केलं, ताटली उचलली, एक तुकडा चहात बुडवला आणि सरूबाईसमोर बसली. सरूबाईनं डोळे मिटले. दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, प्रभुभोजनाला करतात तशी. तुकडा घेतला, तोंडात ठेवला, आणि म्हणाली, "आमेन."

"मी काही बोलले नाही गं, मावशी," एस्तेर म्हणाली. "आशीर्वाद नाही, वचन नाही, काही नाही. चहा गोड आहे ना, एवढंच विचारलं. मी उठले तर शेजारच्या आजोबांनी ओंजळ पुढे केली. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. सगळे उपाशीच होते. मी काय करू? सगळ्यांना देत गेले. कुणीतरी हळूच गाणं धरलं. सरूबाई रडत होती. म्हणाली, पोरी, आता मी मोकळी झाले."

"आणि तू?"

"मी शेवटी पातेलं विसळून परत दिलं."

गावातल्या एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. कौतुकानं काढला बिचाऱ्यानं, कौतुकानंच आमच्या चर्चच्या ग्रुपवर टाकला. दोन तासांत आमच्या ग्रुपवर जो धुरळा उडाला! ज्यांनी जन्मात एका आजाऱ्याला पाणी पाजलं नाही ते शास्त्र सांगायला लागले. अधिकार नसताना प्रभुभोजन! तेही चहात बुडवून! एकानं विचारलं, बिनसाखरेचा होता का. मोबाईल भिंतीवर आपटावा असं वाटलं मला.

जूनमध्ये कमिटी बसली, चर्चच्या मागच्या खोलीत. मला बोलावलं होतं, मत द्यायला नाही, बाई म्हणून सोबतीला. एस्तेर समोर स्टुलावर. तेच स्पोर्ट्स शूज, टाचेशी अजून गावाकडची माती. पाळकसाहेब छताकडे बघत होते.

मी न विचारताच सुरुवात केली. "चहा-पाव मी सांगितला होता. नर्स म्हणून सांगितला. म्हातारी तिथंच गेली असती तर कुणी उत्तर दिलं असतं?"

शिंदेसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. मला आधी कळेना, हा माणूस खूश का झाला. "वा, सिस्टर! मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "तो औषधोपचार होता. नाश्ता होता. एस्तेर, तू एवढंच कर. इथं रविवारी उभी राहून सांग, की ते प्रभुभोजन नव्हतं. मग पाळकसाहेबांबरोबर गावाला जा आणि तिथंही सांग, तुम्हाला जे मिळालं तो फक्त चहा-पाव होता. त्यांचा गैरसमज दूर झाला पाहिजे. झालं, शिफारस पुढच्या आठवड्यात पाठवतो."

माझा जीव भांड्यात पडला. मी एस्तेरकडे बघितलं, मनात म्हटलं, बाई, एका वाक्याचा तर प्रश्न आहे, म्हणून टाक.

ती म्हणाली, "मी काय म्हणून दिलं ते सांगते, साहेब. चहा-पाव म्हणूनच दिला. इथं सांगते, माईकवर सांगते. पण त्यांनी काय घेतलं, ते मी कसं सांगू?"

"म्हणजे?"

"गावात जाऊन सांगणार नाही. सरूबाईला सांगणार नाही."

"अगं, पण खरं तेच सांगायचंय ना?" पाळकसाहेब पहिल्यांदा बोलले.

"मग तुम्ही सांगा की, साहेब," एस्तेर म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी यायचे तुम्ही होतात. तुम्ही जाऊन सांगा, आजी, तुम्हाला काही मिळालेलं नाही. मी बाजेजवळ उभी राहते."

पाळकसाहेब पुन्हा छताकडे बघायला लागले. मी मात्र राहू शकले नाही. माझा आवाज बाहेरच्या रस्त्यावर गेला असेल. मी म्हटलं, "देवाच्या घरात म्हातारी माणसं तापल्या पत्र्याखाली उपाशी बसली, त्याचं कुणाला काही आहे का? की त्यांनी ओंजळ कशी धरली तेवढंच दिसलं? अठ्ठाविसाव्या मजल्यावर पोटभर जेवून आलेल्या माणसाची चौकशी कधी बसणार आहे?"

"सिस्टर, हा शास्त्राचा प्रश्न आहे," शिंदेसाहेब म्हणाले, "भावनेचा नाही."

"शास्त्र कसलं, शेळी बांधली होती पट्टीला, त्याचा राग आहे तुम्हाला!"

एस्तेरनं माझा पदर धरला. या वेळी ती हसत नव्हती.

शिफारस गेली नाही. त्या दिवशी चाळीत परत येताना मी तिच्यावरही ओरडले, खोटं कशाला सांगू. आईनं डोळे फोडून ब्लाऊज शिवले ते यासाठी? इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते एका म्हातारीच्या घासापायी घालवलंस? ती ऐकत चालत राहिली. चिवड्याच्या दुकानापाशी थांबून म्हणाली, "मावशी, ते तिचं शेवटचं असेल. मी पाळक व्हायला म्हणून ते तिच्या तोंडातून परत काढू?" मी घरी येऊन भांडी आपटली.

रविवारी वेदीवरून जाहीर झालं, एस्तेर भालेराव हिची शिफारस कमिटीनं नामंजूर केली आहे. त्याच्या पाठोपाठ हजेरीचा आकडा. चांगला होता. आवाज चढला होता.

ती सेमिनरी सोडून त्या खेड्यातच गेली. तालुक्याच्या एका शाळेत शिकवते, चारही मंडळ्यांत फिरते, ढोलकी वाजवते, गाणी घेते. प्रभुभोजन देत नाही. ते तिनं नंतर कधीच दिलं नाही, गावातल्यांनी मागितलं तरी. पाळकसाहेब यायचे तेव्हा येतात, नाही तेव्हा नाही. आता तिची आईही तिकडेच गेली, मशीनसकट.

मागच्या महिन्यात ती खोलीतलं उरलेलं सामान न्यायला आली होती. परळ डेपोत मी तिला सोडायला गेले. दिवस रविवारचाच, मी उपासना करून तशीच गेले होते. एसटीत ती खिडकीशी बसली, मांडीवर गावडेबुवांची ढोलकी. बुवांनी शेवटी ती तिलाच देऊन टाकली. म्हणाले होते, "ने गो, हय कोण वाजवतलो?"

"सरूबाई गेली, मावशी," ती खिडकीतून म्हणाली. "जुलैमध्ये."

"त्रास झाला का गं?"

"नाही. सून म्हणाली, पाळकसाहेबांना बोलवू का. तर म्हणाली, कशाला, माझं झालंय सगळं."

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. शिंदेसाहेबांना धरून आणावं आणि या खिडकीखाली उभं करून हे ऐकवावं, असं फार वाटलं. ते घरी जेवत असतील. कंडक्टरनं घंटी मारली आणि एस्तेरनं सवयीनं विचारलं, "आज कोण नाही आलं?"

माझा इतक्या महिन्यांचा राग एकदम वर आला. "तू, बये! तू नाही आलीस! दर रविवारी पहिलं नाव तुझं असतं, आणि त्या चर्चमध्ये एक माणूस विचारत नाही!"

आता मात्र ती हसली, तिचं ते जुनं हसणं. गाडी हलली होती. तिला ओरडायची गरज नव्हती, तिचा आवाज सगळ्या डेपोला ऐकू गेला. "मग नेहमीसारखं कर ना, मावशी! जो येत नाही त्याच्या घरी जायचं. ये, चहा टाकते!"

येत्या शनिवारचं तिकीट मी काढलंय. बीपीचं मशीन पिशवीत घातलंय. निघताना आमच्या नाक्यावरच्या बेकरीतून पाव घेईन. चहा तिथंच होईल.